मिरजेतलं आमचं डायलिसिस सेंटर: पाण्याची खोली उत्तम, वेटिंग रूम भिकार

पाचातले चार स्टार. पाचवा का कापला ते पुढं येईलच. सेंटरचं नाव देत नाही, मला अजून त्याच खुर्चीत पडायचंय. डायलिसिस सुरू करणाऱ्यानं आत शिरल्यावर काय काय बघायचं, एवढं मात्र इथं नीट लिहितो.

माझी ओळख थोडक्यात. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून नोकरी झाली. रसाचे, मळीचे नमुने आणि बॉयलरचं पाणी तपासण्यात आयुष्य गेलं. कारखान्याची साखर पोत्यात जायची, माझी रक्तात. मधुमेहानं किडन्या गेल्या आणि मिरजेला येणं सुरू झालं. इथं मिशन दवाखाना काढणाऱ्या वानलेस साहेबांच्या काळापासून हे दवाखान्यांचं गाव, त्यामुळं सेंटर निवडायला वाव होता. बाकीच्यांचे अभिप्राय वाचले तर सगळीकडं तेच: एसी गार आहे, टीव्ही आहे, स्टाफ गोड बोलतो. आमच्यासारख्याला त्यानं काही कळत नाही.

डायलिसिसवरच्या माणसांत हृदयविकाराच्या खालोखाल मृत्यूचं मोठं कारण इन्फेक्शन हे आहे. मी आमच्या नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीच्या डॉक्टर, मॅडमना विचारलं होतं, "माझ्या पांढऱ्या पेशी तर नॉर्मल येतात, मग एवढी भीती कशाची?" त्या म्हणाल्या, "काका, रिपोर्टात त्यांची संख्या येते. त्या काम किती करतात ते येत नाही."

न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचं काम तीन टप्प्यांचं: जंतू शिरला की तिकडं धावायचं, त्याला गिळायचं आणि पोटात घेऊन मारायचं. किडनी निकामी झाली की रक्तात साठलेल्या विषांमुळं या पेशी तिन्ही टप्प्यांत ढिल्या पडतात, वर मुदतीआधी मरतात. मधुमेह त्यात भर घालतो. शिरेतून दिलेलं लोह जास्त झालं तर तेही. आमच्या कारखान्यात हजेरीपटावर वॉचमन पूर्ण असायचे आणि रात्री गेटातून ट्रॉली निघून गेली तरी एकाला पत्ता नसायचा, तसलाच हा कारभार. पेशी जंतू गिळतात हे मेचनिकॉव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं १८८२ साली इटलीतल्या मेसिनाला समुद्रकाठी ताऱ्यामाशाच्या अळीत गुलाबाचा काटा टोचून पाहिलं आणि १९०८ साली त्याला नोबेल मिळालं. आमच्या पेशी त्यानं पाहिल्या असत्या तर त्याला जरा उशिरा सुचलं असतं.

किडनी स्वतःही या बंदोबस्तात असते. तिच्यात तयार होणारं टॅम-हॉर्सफॉल नावाचं प्रथिन लघवीत उतरतं आणि ई कोलाय नावाच्या जंतूला चिकटून त्याला मूत्रमार्गाच्या भिंतीवर बसू देत नाही. वर लघवीचा लोंढा त्याला धुऊन काढतो. आता प्रथिन आटलं आणि लोंढाही. जीवनसत्त्व ड कामाला लावण्याचं मोठं ठिकाणही किडनीच, आणि त्याच ड च्या जोरावर पेशी कॅथेलिसिडिन नावाचं जंतुनाशक बनवतात. जन्मजात मिळालेलं एवढं सगळं अर्धवट चालत असताना उरलेलं काम सेंटरनं करायचं असतं. त्याच हिशेबानं मी मार्क दिलेत.

पहिला मार्क पाण्याला. मला पाण्याची खोली दाखवा, असं पहिल्याच दिवशी म्हटलं तर मॅनेजर गोंधळला. पेशंट बेड बघतात, बाथरूम बघतात, आरओ प्लँट बघायला कुणी मागत नाही म्हणाला. पण नाही म्हणाला नाही, चप्पल काढायला लावून घेऊन गेला. हिशेब सोपा आहे. मशीनमधून मिनिटाला ५०० मिलिलिटर द्राव वाहतो, म्हणजे चार तासांत १२० लिटर. तुम्ही-आम्ही दोन महिन्यांत जेवढं पाणी पितो तेवढं एका बैठकीत माझ्या रक्ताशेजारून जातं, मधे फक्त एक पातळ पडदा. पिण्याच्या पाण्याला पोटातलं आम्ल आहे, आतडं आहे. इथं ते काही नाही.

खोली लहान, पण कारखान्याच्या माणसाला आवडेल अशी. वाळूचा फिल्टर, पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर, कार्बनच्या दोन टाक्या एकामागे एक, मग आरओ. कार्बन दोन असण्याला अर्थ आहे. नळाच्या पाण्यातला क्लोरीन कार्बननं काढावाच लागतो, नाहीतर तो रक्तात जाऊन तांबड्या पेशी फोडतो. पहिली टाकी थकली तर दुसरी सांभाळते. पण क्लोरीन गेला की त्या पाण्याला जंतूंपासून राखणारं काही उरत नाही, तिथून पुढच्या पाइपात बुळबुळीत थर धरायला वेळ लागत नाही. म्हणून पाइप गोल फिरून परत येणारा हवा, आडवा फाटा काढून कुठं पाणी साचवलेलं नको. इथं पाइप गोल आहे. एका कोपऱ्यात जुन्या मशीनसाठी काढलेला फाटा होता, तो कापून बंद केलेला दिसला. ते बघून मला जे समाधान झालं ते टीव्ही बघून झालं नसतं.

भिंतीवर वही टांगलेली. प्रत्येक शिफ्टआधी क्लोरीनची तपासणी, सॉफ्टनरनंतर हार्डनेस, सह्या. सह्या एकाच पेनानं एकाच दमात ठोकलेल्या नाहीत, एवढं मला ओळखता येतं. कारखान्यात मी अशा वह्या पकडल्यात. महिन्याच्या रिपोर्टात जंतूंची मोजणी आणि एंडोटॉक्सिन दोन्ही होतं. मापदंड म्हणजे मिलिलिटरला १०० पेक्षा कमी जंतू आणि ०.२५ युनिटपेक्षा कमी एंडोटॉक्सिन. अतिशुद्ध म्हणवणाऱ्या द्रावाला ०.१ आणि ०.०३. नुसता टीडीएसचा मीटर दाखवून "पाणी एकदम क्लिअर आहे" म्हणणाऱ्या सेंटरवर विश्वास ठेवू नका. टीडीएसला क्षार कळतात, जंतू कळत नाहीत.

एंडोटॉक्सिन म्हणजे काही जातींच्या जंतूंच्या भिंतीचा तुकडा. अख्खा जंतू डायलायझरच्या, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळकांड्याच्या, पडद्यातून येत नाही, पण हे तुकडे येऊ शकतात. आले की आपल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी खवळतात. रोज थोडं-थोडं खवळत राहिल्या की अंगात कायमची बारीक जळजळ, सीआरपी (जळजळ दाखवणारा रक्तातला आकडा) वर, भूक कमी. आणि खरा जंतू येतो तेव्हा याच पेशी हव्या तेवढ्या जोरानं उठत नाहीत. एंडोटॉक्सिन ओळखणारा टीएलआर-४ हा पेशीवरचा पहारेकरी रेणू किडनीच्या रुग्णांत कमी झालेला अभ्यासात दिसला आहे. म्हणजे विनाकारण चिडायचं आणि गरजेला थंड बसायचं. माझी बायको म्हणाली, "यात नवीन काय, तुमचा स्वभावच तो." असो.

गंमत अशी की एंडोटॉक्सिनची ही तपासणी हॉर्सशू क्रॅब नावाच्या समुद्रजीवाच्या निळ्या रक्तातून काढलेल्या द्रव्यानं होत आली आहे. त्या प्राण्याच्या रक्तपेशींना एंडोटॉक्सिन लागलं की रक्त तिथल्या तिथं गोठतं; तीच त्याची उपजत प्रतिकारशक्ती. आमची चालत नाही म्हणून त्याची उसनी घ्यायची. पाण्याला पूर्ण मार्क.

दुसरं, हात. इथंच सेंटर उभं राहतं किंवा पडतं.

सुरुवातीला माझ्या मानेत कॅथेटर होतं. मानेतल्या शिरेतून नळी थेट हृदयाच्या तोंडाशी गेलेली असते आणि तिची दोन तोंडं छातीवर लोंबतात. कातडी ही आपली पहिली भिंत, आणि नळी म्हणजे त्या भिंतीला कायमचं भगदाड. रक्तात जंतू जाण्याचा धोका फिस्टुलापेक्षा (हातातली धमनी-शिरेची जोड, ती पुढं येईल) नळीत कित्येक पटींनी जास्त. बहुतेकदा जंतू आपल्याच अंगावरचे निघतात, स्टॅफिलोकोकस. इथला टेक्निशियन पोरगा नळी जोडताना काय करतो ते मी डोळे मिटल्याचं सोंग घेऊन बघायचो. स्वतः मास्क, मलाही मास्क, आणि "काका, मान तिकडं, बोलू नका." हात धुऊन ग्लोव्हज. ड्रेसिंग काढलं की क्लोरहेक्सिडिननं घासायचं आणि वाळेपर्यंत थांबायचं. फुंकर मारायची नाही, कापसानं पुसायचं नाही. मग झाकण काढल्यावर नळीची तोंडं गोल-गोल चोळायची, मनात आकडे मोजत, ओठ हलताना दिसायचे. हे वाळेपर्यंत थांबणं म्हणजे खरी परीक्षा आहे. वाळतं तेव्हाच ते जंतू मारतं, आणि शेजारच्या मशीनचा अलार्म ओरडत असताना तेवढं थांबायला मन घट्ट लागतं.

आता हातात फिस्टुला आहे. धमनी आणि शीर जोडून शीर जाड करण्याची ही युक्ती न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली मांडली आणि अजून तिला तोड नाही. सगळं आपलंच मांस, बाहेरची वस्तू काही नाही. मनगटावर कान लावला की घुर्रघुर्र ऐकू येते. सुई टोचण्याआधी पेशंटनं तो हात कोपरापर्यंत साबणानं धुवायचा हा इथला नियम आहे, आणि पोरगं विचारल्याशिवाय सुई उघडत नाही. परवा एका पुढारी माणसानं "मी घरून आंघोळ करून आलोय" म्हणून सांगितलं. "आंघोळ घरी झाली साहेब, दाराच्या कड्या इथल्या धरल्या," असं उत्तर मिळालं आणि साहेब बेसिनकडं गेले. सुईची जागाही रोज बदलतात. त्याच भोकात पुन्हा-पुन्हा टोचलं तर दुखत कमी, पण इन्फेक्शनची शक्यता वाढते.

या सेंटरला मी आलो कसा, तेही सांगतो. आधी दुसऱ्या एका गावात जात होतो. तिथं मशीन सुरू झाल्यावर अर्ध्या तासात दात वाजायला लागले. पलंग हलत होता. तिथल्या माणसानं ब्लँकेट टाकलं, एव्हिल आणि हायड्रोकॉर्ट ही अ‍ॅलर्जीवरची इंजेक्शनं दिली आणि डायलिसिस चालू ठेवलं. "थंडी वाजते काही जणांना," म्हणे. पुढच्या वेळी पुन्हा तेच. रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, घ्यावं असं कुणाला सुचलं नाही. बायकोनं फोनवर मॅडमना गाठलं तेव्हा नळी काढली, कल्चर लावलं, त्यात स्टॅफ ऑरियस, त्या स्टॅफिलोकोकसचीच एक जात, निघाला. हा जंतू एकदा रक्तात गेला की हृदयाच्या झडपेवर नाहीतर मणक्यात जाऊन बसायला बघतो. माझी झडप वाचली. अँटिबायोटिक मात्र कित्येक आठवडे चाललं.

नळी असलेल्या माणसाला मशीनवर थंडी वाजली की उलट सिद्ध होईपर्यंत ते रक्तातलं इन्फेक्शन समजायचं. कल्चर आधी, अँटिबायोटिक नंतर. आणि तापाची वाट बघायची नाही. आमच्या अंगाचं तापमान मुळातच जरा कमी असतं, त्यामुळं १०१-१०२ चढेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. शंभरला थर्मामीटर टेकलं की आम्हाला ताप आला असं धरायचं. कधी तेवढाही येत नाही, नुसतं बीपी पडतं, माणूस गप्प होतो, जेवण नको म्हणतो. या सेंटरमध्ये मशीनला लावण्याआधी तापमान, आणि "घरी थंडी वाजली का, पाठ दुखते का, जखम आहे का" हे तीन प्रश्न सिस्टर न चुकता विचारतात. मधुमेहवाल्याचे पाय बघतात, मोजे काढून. शेजारच्या मावशींच्या अंगठ्याची चीर अशीच सापडली, त्यांना स्वतःला पत्ता नव्हता. कल्चरच्या बाटल्या जागेवर असतात. शिरेतलं लोह चालू असेल आणि इन्फेक्शन निघालं तर ते थांबवतात, कारण लोह जंतूंनाही आवडतं.

डायलायझर इथं धुऊन पुन्हा वापरतात, खोटं कशाला बोला. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी वापरतात, खर्च परवडत नाही. प्रत्येकावर पेशंटचं नाव आणि कितवा वापर ते लिहिलेलं असतं, आणि जोडण्याआधी दोघं जण मोठ्यानं वाचतात. आतली जागा मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली की फेकून देतात. धुण्याच्या रसायनाचा अंश राहिला नाही ना, ते पट्टीनं तपासतात. मी पट्टी बघायला मागतो, दाखवतात. पडदे पॉलिसल्फोन नावाच्या प्लास्टिकचे आहेत. पूर्वीच्या सेल्युलोजच्या पडद्यांना रक्त लागलं की पहिल्या पंधरा मिनिटांत पांढऱ्या पेशी भडकून फुप्फुसात जाऊन अडकायच्या, तो प्रकार आता फार कमी झालाय. कावीळ बी वाल्यांचं मशीन वेगळ्या खोलीत आहे. सी वाल्यांचं मशीन वेगळं, पण हॉलमध्येच.

लसीकरणाला अर्धा मार्क कमी. हिपॅटायटिस बी ची लस आम्हाला नेहमीच्या दुप्पट, म्हणजे ४० मायक्रोग्रॅम, ०-१-२-६ महिन्यांना चार वेळा द्यावी लागते, कारण साध्या डोसला आमचं शरीर दाद देत नाही. चार घेऊनही कित्येकांचं टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी, १० च्या वर जात नाही. हे त्यांनी नीट केलं, टायटरही वर्षाला बघतात. पण न्यूमोनियाची आणि दरवर्षीची फ्लूची लस आपण मागितली तरच मिळते. का, तर "पेशंट खर्चाला कुरकुरतात." अहो, न्यूमोनिया झाल्यावर आयसीयूचं बिल कुरकुरत भरायचं का? बोर्डावर लिहून तरी लावा.

नातेवाइकांबद्दल एक आडवळण. माझी प्रतिकारशक्ती कमी आहे हे कळल्यापासून घरात गुळवेलाचा काढा, कुठल्या तरी भस्माची पुडी आणि शहाळी यांची रांग लागली. काढ्यात नेमकं काय आहे ते लेबलवर नसतं, भस्मात जड धातू निघू शकतात, आणि शहाळ्यात पोटॅशियम एवढं की आमच्यासारख्याचं हृदय थांबायला निमित्त व्हावं. पेशींना जोर येतो तो डायलिसिस पुरेसं झाल्यानं, साखर आटोक्यात राहिल्यानं आणि पोटात प्रथिनं गेल्यानं. सेंटरची आहारतज्ज्ञ मुलगी हे चांगलं समजावते, अंड्याचा पांढरा भाग खा म्हणून मागं लागते. आमच्या घरी अंडं चालत नाही म्हटल्यावर तिनं पनीर आणि मुगाच्या धिरड्याचा हिशेब बसवून दिला, तोही फॉस्फरस मोजून.

आता कापलेल्या स्टारचं. वेटिंग रूम म्हणजे जिन्याखालची जागा. खोकणारा, शिंकणारा, पायाला पू झालेला, सगळे मांडीला मांडी लावून. आत एवढं सोवळं पाळायचं आणि बाहेर तासभर एकमेकांच्या तोंडावर खोकायचं, याला काय म्हणावं? निदान खोकणाऱ्याला मास्क देऊन वेगळं बसवा. सांगून झालं, मालकांनी मान हलवली, खुर्च्या तिथंच आहेत. दुसरी तक्रार रात्रीच्या शिफ्टची. दिवसा बेडमागं पोरं पुरेशी असतात, रात्री कमी, आणि घाईत पहिल्यांदा कापली जाते ती हात धुण्याची वेळ. एकदा मी एकाला ग्लोव्हज न बदलता एका मशीनवरून दुसऱ्याकडं जाताना बघितलं आणि तिथंच आवाज दिला. त्यानं निमूट बदलले, चिडला नाही, हे त्याच्या बाजूनं नोंदवतो. बेडच्या पायथ्याची सॅनिटायझरची बाटली रात्री हमखास रिकामी. तिसरं, नातेवाइकांना आत सोडतात. डबा घेऊन येणारे पलंगावर बसतात. टीव्ही मोठ्यानं असतो तो वेगळाच ताप.

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत इथं होतं, कार्ड आणि कागद आधी दाखवून मंजुरी घ्यावी लागते. काउंटरवरच्या बाई कडक आहेत, पण एकदाच सगळी यादी सांगतात, हेलपाटे घालायला लावत नाहीत. योजनेचे पेशंट आणि रोख पैसे देणारे यांना तेच पाणी, तेच मशीन, तोच पोरगा. मी दोन्हींच्या शेजारी झोपून बघितलंय.

सकाळची शिफ्ट भरलेली आहे, नंबर लावावा लागतो. दुपारची मिळते. रात्रीची परवडते म्हणून घेणार असाल तर फिस्टुला असेल तरच घ्या, नळी असताना नको. नख कापून, कड्या-अंगठी काढून, बाही वर जाईल असा शर्ट घालून या. चादर रोज धुतलेली देतात, पण पातळ आहे. एसी खरंच गार आहे, घरची आणा.